गच्चीवरून एम५१

नेरूळमधून दीर्घिकेचा फोटो काढायचा म्हटलं की पहिली अडचण ध्रुवताऱ्याची. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो आणि आमच्या गच्चीवरून नेमकी तिथे शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी येते. दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखला नाही तर फोटोत ताऱ्यांच्या रेघोट्या उमटतात. मग मोकळ्या आकाशाचे दोन-तीन फोटो काढायचे, सॉफ्टवेअर तारे ओळखून अक्ष किती कलला ते सांगतं, आणि स्क्रू पिळत बसायचं.

मार्चमध्ये मध्यरात्र उलटली की सप्तर्षी चांगले वर येतात. टोकाच्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर, श्यामशबल तारकासमूहात एम५१ ही दीर्घिका आहे. अंतर अंदाजे ३ कोटी प्रकाशवर्षं. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये ७२ इंची दुर्बिणीतून तिचे सर्पिल फाटे पाहिले आणि चित्र काढून ठेवलं. माझी दुर्बीण ६ इंची, त्यात उत्तरेला ठाणे-बेलापूर पट्ट्याचा झगमगाट. आयपीसला डोळा लावून काही म्हणता काही दिसत नाही.

पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड ठरावीक रंगांतलाच असायचा, फिल्टर त्यातला बराचसा अडवायचा. एलईडीचा पांढरा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, आणि दीर्घिकेचाही तसाच; शेवटी तो ताऱ्यांचाच प्रकाश. एक गाळायला जावं तर दुसराही जातो. तेजोमेघवाल्यांचं बरं असतं, त्यांचं हायड्रोजनच्या लाल रंगावर भागतं!

आम्हाला रात्रीच खर्ची घालाव्या लागतात. एक्स्पोजर ३० सेकंदांचं. वाढवलं की आकाश पांढरंफटक. असे शेकडो फोटो एकावर एक रचायचे. वेळ चौपट दिला तर स्पष्टता दुप्पट होते, असा हा महागडा हिशेब. विमानाची रेघ एखाद्याच फोटोत असते, म्हणून सॉफ्टवेअर ती आपोआप वगळतं. सुटा फोटो म्हणजे नुसता मातकट चौकोन. रचून झाल्यावर आकाशाचा उजेड वजा केला तेव्हा कुठे दोन फाटे वळताना दिसले, आणि एकाच्या टोकाशी जोडीदार एनजीसी ५१९५.

वॉचमनकाकांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी मोबाईलवर हबलने टिपलेली एम५१ शोधून माझ्यापुढे धरली. "ह्यो जास्त भारी हाय."

आहेच.

आता एम१०१ खुणावतेय, पण तिचे फाटे इतके विरळ की इथल्या उजेडात बुडून जातील. तिच्यासाठी अमावास्या गाठून वांगणीच्या अंधारातच जायला हवं.