आमच्या घरचे द्विज

गेल्या दिवाळीच्या सुटींत पुण्याहून नातू आला, आणि तिसऱ्याच दिवशीं त्याच्या नांवानें एक खोकें आलें. उघडून पाहतों तों भुशांत नीट रचून ठेवलेलीं बारा अंडीं ! आमच्या घराच्या उंबऱ्याआंत आजवर अंडें म्हणून आलेलें नव्हतें. आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दारांतूनच म्हणालें, "तें खोकें माजघरांत आणायचं नाहीं." शेवटीं ओसरीलगतची धान्याची खोली मोकळी करून देण्यांत आली.

अंडीं कडकनाथाचीं होतीं. झाबुआ भागांतील भिल्ल-भिलालांनीं पिढ्यान् पिढ्या जोपासलेली ही जात. तिला 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पिसें, कातडी, मांस, हाडें, सर्वच काळें; तुरासुद्धां काळसर. संस्कृतांत कोंबड्याला ताम्रचूड म्हणतात, तें नांव या पक्ष्यापुरतें बाद करावें लागेल ! अंडीं मात्र इतर गांवठी अंड्यांसारखीं फिकट तांबूसच असतात, हें पाहून माझी थोडी निराशा झाली. या कोंबड्या स्वतः अंड्यांवर नीट बसत नाहींत, आणि आळींत त्या वेळीं खुडूक कोंबडी एकही नव्हती. म्हणून नातवानें थर्मोकोलची पेटी, विजेचा दिवा, लहानसा पंखा आणि उष्णता राखणारें यंत्र अशी सामग्री जमवली होती.

अंडीं आलीं तशीं पेटींत ठेवावयाचीं नसतात. त्यांच्या रुंद टोंकाशीं हवेची एक पोकळी असते. प्रवासांतील हिसक्यांनीं ती सैल होते. म्हणून तें टोंक वर करून त्यांना एक दिवस विसांवा द्यावा लागतो. तेवढ्या वेळांत मीं नातवाला मल्लिकार्जुनाचें देऊळ व आमच्या लोणीची यज्ञवराहाची मूर्ति दाखवून आणलें. परंतु त्याचें लक्ष खोक्यांत !

पुढें उष्णता साडेसदतीस अंश, पेटींत पाण्याची वाटी, आणि दिवसांतून तीनदां अंडीं उलटणें. तीन वेळां अशासाठीं कीं लागोपाठच्या दोन रात्रीं अंडें एकाच कुशीवर राहूं नये. मीं हें काम संध्येच्या तीन वेळांशीं जोडून टाकलें, तेव्हां कुटुंबानें कपाळाला हात लावला. सातव्या रात्रीं अंधार करून विजेरीपुढें एकेक अंडें धरलें. तीन अंडीं कोरी निघालीं, दोहोंत नुसतें रक्ताचें कडें उरलें होतें, आणि सातांत तांबड्या शिरांचें जाळें व मधें हलणारा ठिपका ! ॲरिस्टॉटलनें सुमारें 2300 वर्षांपूर्वीं अंडीं फोडून तिसऱ्या दिवसाचें हृदय पाहिलें होतें. न फोडतां तें पाहण्याचें भाग्य मला साठीनंतर लाभलें.

पंधराव्या रात्रीं वीज गेली. मी कंदील घेऊन खोलींत गेलों, तों कुटुंब माझ्याआधींच तेथें. पेटीभोंवतीं गरम पाण्याचे चार तांबे आणि वर स्वतःची गोधडी. "अहो, पाहत काय उभे राहिलांत ? पाणी तापवा," एवढेंच त्या बोलल्या. पहाटे त्यांनीं स्नान केलें, पण सोवळ्याची गोष्ट काढली नाहीं.

एकोणिसाव्या दिवशीं शाळेसाठीं नातू पुण्यास परतला. "आजोबा, आतां पेटी मुळींच उघडायची नाहीं हं !" असें त्यानें मला दोनदां बजावलें.

एकविसाव्या दिवशीं सायंकाळपर्यंत चार पिल्लें बाहेर आलीं. अमरकोशांत द्विज शब्दाचे दांत, विप्र आणि अंडज असे तीन अर्थ दिले आहेत. कवच फोडण्यासाठीं पिलाच्या चोंचीवर एक बारीक दांतही असतो. म्हणजे त्या खोलींत तिन्ही अर्थ एकत्र जमले होते ! पांचव्या अंड्याला मात्र छिद्र पडून बारा तास झाले, तरी पुढें हालचाल नाहीं. आंतून क्षीण चिवचिव ऐकूं येई. अडखळणाऱ्या मुलाला पुढचा शब्द सुचवण्याची माझी जन्माची खोड. मीं चिमट्यानें कवचाचा एक तुकडा उचलला. त्यासरशीं रक्ताचा थेंब आला. पिवळा बलक अजून पोटांत ओढला गेला नव्हता, आंतल्या शिरा सुकल्या नव्हत्या. त्याला केवळ अवधि हवा होता. रात्रीं नऊला पिल्लूं गेलें. उरलेल्या दोन अंड्यांना छिद्रही पडलें नाहीं.

सकाळीं फोन आला. "किती ?"

"चार."

"आणि चोंच दिसत होती तें ?"

मी गप्प राहिलों.

"आजोबा, तुम्ही उघडलंत ?"

"होय रे."

बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "चारही पाणी प्यायलीं का ? पहा बरं."

मी खोलींत गेलों. कुटुंब जमिनीवर बसलें होतें. ओंजळींतल्या एका काळ्या पिलाची चोंच बशींतल्या पाण्याला टेकवीत त्या विचारीत होत्या, "अहो, यांना कण्या चालतील ना ?"