बर्फाच्या आधी

१.
होक्काइडोतला निसेको-अन्नुपुरी हा डोंगर १,३०८ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६. आकडा ऐकला की लोक निर्धास्त होतात. ती निर्धास्ती घालवायचं काम सोलापुरातच उरकावं लागतं.

२.
एवढ्याशा डोंगरावर एवढा बर्फ कसा? सायबेरियाकडून निघालेला कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतो. किनाऱ्याजवळचे डोंगर आडवे आले की वर चढतो आणि सगळं तिथंच टाकतो. ऐन हिवाळ्यात हे आठवडेच्या आठवडे चालू राहतं. पडणारा बर्फ इतका कोरडा असतो की मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. स्की करणारे त्याला पावडर म्हणतात आणि त्यासाठी जगभरातून येतात.

३.
सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५७ मीटरवर. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधायच्या यंत्राची, म्हणजे बीकनची, फ्रिक्वेन्सी ४५७ किलोहर्ट्झ.

४.
ऑक्टोबर. दुपारी पत्र्याच्या खोलीत स्की काढल्या. मोसम संपल्यावर तळाला मेणाचा जाड थर देऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे तळ पांढरा पडलेला नाही. आता तो थर खरवडायचा आणि थंडीतलं कडक मेण भरायचं. वडी इस्त्रीला टेकवायची, थेंब स्कीवर पाडत जायचं, मग इस्त्री सावकाश फिरवायची. एका जागी थांबली की तळ जळतो. गार झालं की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. फरशीवर पांढऱ्या सालींचा ढीग झाला.
मित्र दारात उभा. ‘काय करलालास बे?’
‘मेण लावलालो.’
‘पंख्याखाली बसून?’
पंखा बंदच होता. वाऱ्याने मेण लवकर गार होतं.

५.
यंदा निसेकोला नेतोय त्या ग्रुपला पाठवलेली पहिली सूचना : अंगाला लागून सुती कपडा नको. बनियन नको, मोजे नकोत, जीन्स तर नकोच. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. ओलं सूत बर्फात अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब टिकवते.

६.
ही सूचना ज्या शहरातून गेली, तिथली जुनी गिरणी १८७७ची. इथली चादर आणि टॉवेल देशभर जातात. टॉवेल मीही नेणार. संध्याकाळी बुटांचं आतलं अस्तर टिपायला त्यासारखं दुसरं काही नाही.

७.
तुळजापूरच्या घाटात पहाटे पाठीवर वजन घेऊन चालतो. चढताना दम लागतो, पण मांड्या भरतात त्या उतरताना. स्कीइंग म्हणजे सगळं उतरणंच. त्यामुळे वर जायला एखादा टेम्पो मिळाला तरी चालेल, खाली यायचं ते पायीच, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगितलंय.

८.
गृहपाठ दिला : आपापल्या घराच्या जिन्याचा उतार मोबाइलने मोजा. उत्तरं आली ३१, ३३, ३५ अंश. हिमस्खलनं होतात ते उतार बहुतेक ३० ते ४५ अंशांचे. पावडरमध्ये मजा येते तेही हेच.
एका ताईंनी लिहिलं, ‘म्हणजे आमचा जिनाही?’
होय, तेवढाच उभा. धोका कड्यावर असतो ही समजूत त्यांच्या मनातून तरी गेली.

९.
१९९४ साली ‘नेचर’मध्ये स्वित्झर्लंडच्या नोंदी छापून आल्या. बर्फाखाली गाडल्या गेलेल्यांना १५ मिनिटांत बाहेर काढलं तर ९२ टक्के जगण्याची शक्यता. ३५ मिनिटांनी ३० टक्के.
बचावपथक येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. शेजारी उभा असलेला माणूस हेच बचावपथक.

१०.
म्हणून सराव. गावाकडच्या रानात उसाच्या पाचटाचा मोठा ढीग होता. बीकन पोत्यात गुंडाळून खोल पुरला आणि पुण्याहून आलेल्या चौघांना शोधायला लावलं.
दूरवर बीकन बाण दाखवतो, आकडा दाखवतो : ३८, ३१, २४. तोवर सगळे धावतात. आकडा ३वर आला की धावणं बंद. बीकन जमिनीलगत धरायचा, न फिरवता आधी एका रेषेत न्यायचा, मग आडव्या रेषेत, आणि सगळ्यात कमी आकडा येईल तिथं खूण करायची. तिथून गोल गोल, वीतभर अंतरावर, लांब सळई खुपसत जायचं. पाचटात सळई करकरत जाते. पोत्याला लागली की हात थबकतो. लागली की उपसायची नाही. तीच खूण.
पहिल्या फेरीत चौघंही एकदम बोलत होते. दुसऱ्या फेरीत एकीने सूत्रं हातात घेतली. ‘तुम्ही सळई जोडा. तुम्ही फावडं काढा. बाकी गप्प.’ वेळ निम्म्याहून कमी झाला.
बांधावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, ‘काय हरवलंय?’
‘माणूस,’ ती म्हणाली. आजोबा उठून उभे राहिले. मग त्यांना बसवून सगळं नीट सांगितलं.

११.
मोबाइल बीकनच्या कामात अडथळा आणतो. शोधणाऱ्याने तो किमान ५० सेंटिमीटर लांब ठेवायचा. बंद केला तर उत्तम. फोटो कोण काढणार हा प्रश्न मग आपोआप सुटतो.

१२.
पावडर हलकी, पण ती घसरून थांबली की घट्ट बसते. थांबलेल्या ढिगाऱ्यातला एक घनमीटर बर्फ ३ ते ५ क्विंटल भरतो. फावडं ॲल्युमिनियमचंच हवं. प्लॅस्टिकचं मोडतं. थेट सळईशी खणायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने माणसाकडे खणत जायचं.

१३.
पावडरमधला दुसरा धोका झाडांचा. खाली वाकलेल्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ घट्ट बसत नाही, पोकळ खड्डा राहतो. माणूस त्यात डोकं खाली, पाय वर असा पडला तर त्याला स्वतःहून निघता येत नाही आणि वरचा बर्फ तोंडावर कोसळतो. यात स्खलन नाही, आवाज नाही. बर्फ जास्त, तेवढा खड्डा खोल.
उपाय एकच : जोडीदार. तो दिसला पाहिजे आणि त्याची हाक ऐकू आली पाहिजे. शिट्टी गळ्यात, खिशात नाही. खाली पोचून वाट बघणारा जोडीदार उपयोगाचा नाही. त्याला पुन्हा वर चढून यावं लागतं.

१४.
नोव्हेंबरची रात्र. सोलापूरच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचा, उंच काठ्यांचा, सराव चालू झालाय. कमरेच्या पट्ट्यात काठी तोलून एकजण चालतो. त्याची नजर वर. बाजूचे त्याच्या पायाकडे बघतात, खड्डा सांगतात, वळण सांगतात. थकायच्या आधी दुसरा पुढे होतो. जानेवारीत सातही नंदीध्वज निघतील, बाराबंदीतली माणसं अडुसष्ट लिंगांना जातील. तेव्हा मी इथं नसेन.

१५.
१२ जानेवारी १९११ : ऑस्ट्रिया-हंगेरीचे मेजर थिओडोर फॉन लेर्ख यांनी जपानमधल्या ताकादा इथं सैनिकांना स्की शिकवायला सुरुवात केली. हातात एकच लांब काठी. जपानमध्ये हा दिवस स्कीचा दिवस म्हणून पाळतात.
१२ जानेवारी १९३१ : सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. येरवड्यात फाशी.
यंदा त्या दिवशी आम्ही डोंगरावर असू. सकाळी निघण्याआधी ही चार नावं वाचणार. ग्रुपमधल्या सोलापूरकरांनीच सुचवलं.

१६.
उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली होक्काइडोच्या विद्यापीठात, प्रयोगशाळेत, हिमकण वाढवून दाखवला. तो कण सशाच्या केसावर धरला होता. तापमान आणि हवेतला ओलावा बदलला की कणाचा आकार बदलतो हे त्यांनी मांडलं. म्हणजे कण हातात घेतला की वरच्या हवेचा अंदाज बांधता येतो. भिंग घेतलंय, पिशवीत टाकलंय.

१७.
२०२४चा जानेवारी : गुलमर्ग जवळजवळ कोरडं. पर्यटक मातीत फोटो काढत होते.
२०२४चा फेब्रुवारी : जोरदार बर्फ. २२ तारखेला हिमस्खलन, एका रशियन स्कीअरचा मृत्यू.

१८.
८ फेब्रुवारी २०१०, गुलमर्गजवळचं खिलनमर्ग. लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. बर्फावर वावरायचं शिक्षण देणारीच ही संस्था. ग्रुपमध्ये कुणी ‘आमचा कोर्स झालाय’ म्हणालं की ही तारीख सांगतो, आणि मग तो कोर्स कुठला, कधीचा, हे विचारतो.

१९.
अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघात तपासले. बऱ्याच ठिकाणी धोक्याच्या खुणा समोर दिसत होत्या आणि माणसं शिकलेली होती. तरी गेली. कारणं काय? ओळखीचा डोंगर. ठरलेला बेत. आधी कुणीतरी गेल्याच्या रेघा. आणि, ‘पुढच्याला कळतं’ हा विश्वास.

२०.
शेवटचं कारण आपल्याकडे जास्त लागू. सगळे मला ‘सर’ म्हणतात. सरांना अडवायचं कसं, म्हणून गप्प बसतात. डोंगरावर पुढं असतो तो होक्काइडोचा गाइड, मी सगळ्यांच्या मागं. पण त्यालाही कुणी अडवत नाही. झूमवर सराव घेतला : प्रत्येकाने माझ्याकडे बघून एकदा मोठ्याने ‘नको, परत फिरू’ म्हणायचं. पन्नाशीच्या एका इंजिनियरांना तीनदा म्हणावं लागलं. पहिल्या दोन वेळा त्यांनी ‘मला वाटतं’ने सुरुवात केली.

२१.
निसेकोत लिफ्टच्या वरून बाहेरच्या रानात जायला ठरलेली गेट आहेत. वाऱ्याचा, बर्फाचा अंदाज घेऊन ती रोज उघडतात किंवा बंद ठेवतात. दोरीखालून जाणं मना. हे नियम तिथल्या लोकांनी आपली माणसं गमावल्यानंतर घातले. बाहेर अडकलात तर शोधकार्याचा खर्च तुमच्याकडून.

२२.
विमा. बऱ्याच प्रवासी पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात. ज्यांत असतात त्यांतल्याही काहींत आखलेल्या पट्ट्यांबाहेरचं स्कीइंग नसतं. बारीक अक्षरातलं ते पान प्रत्येकाला स्वतः वाचायला लावलं आणि त्याचा फोटो मागवला.

२३.
शाकाहाऱ्यांसाठी : जपानी सूप, भाजी, नूडल्सचा रस्सा यांत बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, दिसत नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी आठवडे टिकते, थंडीत मऊ पडत नाही, आणि चढावर हातमोज्याने मोडता येते.

२४.
डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. उत्तर चीनच्या डोंगरात, युद्धात, जखमींची ऑपरेशनं केली. चिनी भाषा शिकले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले, वय ३२. इथल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. निघण्याआधी ग्रुपमधल्या सोलापूरच्या मुलांना तिथं नेलं. थंडी सोसत नाही असं यापुढे सोलापूरकराने म्हणू नये.

२५.
गुलमर्गचा आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू. जायंट स्लालममध्ये ४५वा आला. त्या शर्यतीत निम्म्याच्या आसपास स्पर्धक शेवटपर्यंत पोचलेच नव्हते.

२६.
वैद्यकीय फॉर्ममध्ये एकाने गुडघ्याचं ऑपरेशन लिहिलं नव्हतं. त्याच्या वडिलांचा अक्कलकोटहून फोन आला. ‘पोरगं सांगणार नाही, म्हणून मी सांगतो बघा.’
मुलाशी बोललो. पुढच्या वर्षी, फिजिओचं पत्र घेऊन ये. तो चिडला. चार दिवसांनी त्याने व्यायामाचा तक्ता पाठवला. तक्ता चांगला आहे.

२७.
आईने विचारलं, ‘तिकडं तुझ्यावर लक्ष कोण ठेवतं?’
जोडीदाराचं नाव सांगितलं. तिने त्याचा नंबर घेतला आणि त्याला फोन लावला.

२८.
डिसेंबर. ग्रुपवर शेवटचा निरोप :
‘पावडर मिळेलच असं नाही. गेट बंद असेल तर आपण लिफ्टखालच्या आखीव पट्ट्यांवर राहू. वाऱ्याने लिफ्टही बंद असेल तर हॉटेलात बसू. गेट उघडं असतानासुद्धा एकाने जरी “नको” म्हटलं तरी सगळे परत फिरतील, आणि त्याला कारण विचारलं जाणार नाही. त्या दिवसाचे पैसे परत मिळणार नाहीत. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी उद्या रात्रीपर्यंत नाव टाकून “मान्य” असं लिहावं.’
बहुतेकांनी लिहिलं. दोघांनी नावं काढून घेतली. त्यांना अख्खे पैसे आजच परत केले. त्यांनी हे इथं बसून सांगितलं, वर उभं राहून नाही, याबद्दल दोघांचे आभारही मानले.