बगिचा उरलेल्या जागेत नको

घराच्या नकाशात देवघर कुठे असावे यावर आपल्याकडे घरोघरी खल होतो. वसाहतीच्या नकाशात बगिचा कुठे असावा, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. रस्ते आखून, प्लॉट पाडून जी कोनाकोपऱ्यातली जमीन उरते, तिला हिरवा रंग दिला जातो. कागदावरची टक्केवारी भरते आणि पोरे रस्त्यावरच खेळतात.

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांची सोयरीक इंदूरशी आहे. माझी थोरली बहीण तिथेच दिलेली. तिच्या सासरच्या भावकीची शहराच्या वेशीवर चार एकर शेती होती. शहर अंगावर आले, शेती परवडेना, तेव्हा एका कॉलोनायझरशी व्यवहार ठरला. रस्ते, नळ, वीज त्याने करायचे आणि तयार प्लॉट दोघांत वाटून घ्यायचे. नकाशा नगर तथा ग्राम निवेश कार्यालयात जाण्याआधीच्या बैठकीला मी सुट्टीनिमित्त हजर होते.

नकाशात बगिच्याचे तीन तुकडे होते. एक नाल्याकाठची चिंचोळी पट्टी, दुसरा विजेच्या मोठ्या तारांखाली, तिसरा फाटकाशी शोभेपुरता. बेरीज मात्र बरोबर दहा टक्के, म्हणजे साधारण साडेसतरा हजार चौरस फूट.

ताई म्हणाली, "यात म्हातारी माणसं बसणार कुठं आणि पोरं चेंडू टाकणार कुठं?"

मधोमध जुनी विहीर आणि कडुलिंब होता. तिथे सलग बगिचा करा, असे तिचे म्हणणे. पण नेमके तिथले कोपऱ्याचे प्लॉट सर्वांत महागाचे आणि ते भावकीच्या वाट्याचे. चुलत दीर चिडले. "वहिनी, एकदा गेलेली जमीन परत येते का?" त्यांचेही खोटे नव्हते. मुलीचे लग्न त्याच प्लॉटच्या भरवशावर ठरले होते.

तीन बैठका झाल्या. शेवटी तारांखालचा आणि फाटकाजवळचा असे दोन तुकडे विहिरीभोवती एकत्र आणले. नाल्याकाठची पट्टी झाडांसाठी तशीच राहिली. चुलत दिरांना बगिच्यासमोरचा प्लॉट मिळाला, कारण त्याला भाव चांगला येणार. आमच्या भाच्यासाठी धरलेला कोपरा मात्र बगिच्यात गेला आणि त्याला मागच्या गल्लीतला प्लॉट आला. भाऊजी दोन दिवस धड बोलले नाहीत. ताईने तेही निभावून नेले.

इंदूरला हा विषय नवा नाही. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस तिथे आले आणि 1918 साली त्यांचा नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल निघाला. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. शहर पायी हिंडून, माणसांशी बोलून मग नकाशाला हात घालावा, ही त्यांची रीत होती. प्लेगच्या त्या दिवसांत इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ज्या वस्त्यांनी आपल्या गल्ल्या साफ केल्या, तिथूनच ती नेली. शेवटी घाणीच्या राक्षसाचे आणि प्लेगच्या उंदराचे दहन झाले. 1925 मध्ये तेल अवीवचा आराखडा करताना त्यांनी घरांच्या गटांच्या पोटातच लहान बागा ठेवल्या. म्हणजे बाग घरातून दिसावी, हाक मारली तर पोराला ऐकू जावी.

आता कायदाही बराचसा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. 2016 च्या रेरा कायद्याने उद्याने आणि खेळाच्या जागा सामाईक ठरवल्या आहेत. प्लॉट विकल्यावर मंजूर नकाशा बदलायचा तर दोनतृतीयांश घेणाऱ्यांची लेखी संमती लागते. बंगळुरूमध्ये उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानाच्या बाबतीत शेजाऱ्यांना दाद मागता येते, हे त्यातून पक्के झाले.

पण मंजुरी मिळालेली वाईट जागा कायदा चांगली करून देत नाही. जे भांडायचे ते नकाशा कच्चा असतानाच. आपल्या गावाबाहेरही आता शेतांत चुन्याच्या रेघा पडू लागल्या आहेत. जमीन देणार असाल तर बगिच्याची जागा करारातच लिहून घ्या. प्लॉट घेणार असाल तर रंगीत पत्रक बाजूला ठेवून मंजूर नकाशाची प्रत मागा, आणि हिरव्या रंगाच्या त्या जागेवर एकदा स्वतः जाऊन उभे राहा.

ताईच्या नकाशातली विहीर आता लोखंडी जाळीने झाकायची ठरली आहे. कडुलिंब तोडायचा नाही, हे तिने करारनाम्यात वेगळे कलम घालून लिहून घेतले.