आधी सराव पाहा, मग विद्या निवडा

हैदराबादच्या हिमायतनगरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुलामुलीला एखादी युद्धकला शिकवायची असेल, तर पर्यायांची वाण नाही. शाळांच्या सभागृहांत आणि अपार्टमेंटच्या तळघरांत कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंगचे वर्ग भरतात. बशीरबागेचे लालबहादूर स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर आहे, उन्हाळ्यात महापालिकेची क्रीडा शिबिरे असतात आणि जुन्या शहरात कुस्तीच्या तालमी आजही टिकून आहेत. अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कराटे चांगले की तायक्वांदो, जुदो की बॉक्सिंग? या क्षेत्रात काम करणारा म्हणून माझे स्पष्ट मत असे, की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा, की त्या वर्गात शिकणाऱ्याची खऱ्याखुऱ्या प्रतिकाराशी गाठ घालून दिली जाते का? समोरचा जोडीदार सोडवून घेतो, उलट डाव टाकतो, पडायला नकार देतो, असा सराव नियमाने होत असेल तर जवळपास कोणतीही विद्या उपयोगी पडते. तो होत नसेल, तर सर्वांत नावाजलेली विद्याही हवेतल्या हातवाऱ्यांपुरती उरते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा जुदोच्या जन्मातच आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी विद्येत सांधे मोडणारे आणि मर्मावर घाव घालणारे कितीतरी डाव होते. कानोंनी सर्वांत धोकादायक डाव ठरावीक क्रमाच्या ‘काता’मध्ये ठेवले आणि उरलेल्या फेकी व पकडी रोजच्या मोकळ्या झटापटीसाठी, म्हणजे ‘रांदोरी’साठी निवडल्या. वरवर पाहता त्यांनी विद्या सौम्य केली. प्रत्यक्षात ती धारदार झाली. जो डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने टाकताच येत नाही, तो आपल्याला येतो की नाही हे कधीच कळत नाही. जो टाकता येतो, तो शंभरदा फसतो आणि फसता फसता बसतो. कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा यांनी हीच पद्धत ब्राझीलला नेली. ती शिकलेल्या तिथल्या ग्रेसी घराण्यातील रॉइस ग्रेसी यांनी नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या ‘यूएफसी’ या मिश्र युद्धकलांच्या पहिल्या स्पर्धेत आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना एकाच रात्री शरण आणले.

हे जपानकडून शिकण्याचीही गरज नव्हती, कारण आपल्या तालमीत हेच चालत आले आहे. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत पठ्ठा नुसत्या जोर-बैठका काढून पैलवान होत नाही. वस्ताद जोड्या लावतात आणि लाल मातीत रोज लढत होते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, ते याच मातीतून उठून. जवळचे उदाहरण निजामाबादच्या मुष्टियोद्धा निखत झरीनचे. सुरुवातीला तिला मुली जोडीदार म्हणून मिळत नव्हत्या, म्हणून ती मुलांबरोबर रिंगणात उतरली. पुढे 2022 आणि 2023 मध्ये ती जगज्जेती झाली.

यावर पहिला आक्षेप असा, की रस्त्यावरचा हल्लेखोर नियम पाळत नाही, मग नियमांत बांधलेला खेळ काय कामाचा? आक्षेपात तथ्य आहे. संकट ओळखणे, मोठ्याने नकार देणे आणि तिथून निसटणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते वेगळे शिकवावे लागते. कॅनडातील तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींना एकूण 12 तासांचे असे प्रशिक्षण दिले गेले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढील वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के, तर इतर गटात 9.8 टक्के आढळले. तिथे ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका हेरण्यावर भर होता आणि शारीरिक प्रतिकाराचा सरावही होता. म्हणजे केवळ स्वसंरक्षण हवे असेल, तर वर्षानुवर्षांच्या वर्गाऐवजी असे नेमके प्रशिक्षण शोधावे. मात्र तिथेही कसोटी तीच : कृती जोडीदारासमोर करून घेतात, की व्याख्यान देऊन घरी पाठवतात?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो दुखापतीचा. जपानच्या शाळांतील जुदोत 1983 पासूनच्या तीन दशकांत शंभरहून अधिक मुले दगावली. त्यांत नवखी मुले बरीच होती आणि अनेकांना जीवघेणी इजा डोक्याला झाली होती. पण फ्रान्समध्ये जुदोचे नोंदणीकृत खेळाडू जपानपेक्षा जास्त असूनही अशी मृत्यूंची मालिका दिसली नाही, आणि तिथे पगारी प्रशिक्षकाला सरकारमान्य पदविका घ्यावी लागते. झटापट बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. नीट पडायला शिकवल्याशिवाय कुणाला फेकू न देणारा शिक्षक शोधणे हा उपाय आहे. काता आणि मर्दानी खेळांचे मोल मला मान्य आहे. त्यांत शिस्त आहे, परंपरा आहे, शरीराची घडण आहे. पण तेवढ्यावर लढता येते असे वचन कुणी देत असेल, तर ते खरे नाही.

म्हणून प्रवेशशुल्क भरण्याआधी वर्गात एक तास बसावे आणि नुसते पाहावे. जोड्या लावताना वजन आणि अनुभव पाहिला जातो का? पकडीत सापडलेल्या मुलाने हार मानल्याची खूण म्हणून थाप मारली, की जोडीदार त्याच क्षणी हात सोडतो का, आणि सोडला नाही तर शिक्षक तिथल्या तिथे थांबवतात का? वरच्या पट्ट्याची मुले नवख्यांशी झटतात, की फक्त त्यांना आज्ञा देतात? भिंतीवरच्या करंडकांपेक्षा आणि दर तीन महिन्यांनी शुल्क घेऊन वाटल्या जाणाऱ्या पट्ट्यांपेक्षा ही उत्तरे जास्त सांगून जातात. पालकांना आत बसू न देणारा वर्ग तर मी लगेच बाद करेन. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा क्रीडासंस्थांनाही लागू आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती आहे का, हे विचारणे पालकांचा हक्क आहे. या कसोटीवर दोन वर्ग सारखेच उतरले, तर घराजवळचा घ्यावा. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे जाता येईल असा हिमायतनगरमधला साधा जुदोचा किंवा बॉक्सिंगचा वर्ग, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आणि दोन महिन्यांत सुटणाऱ्या नामांकित अकादमीपेक्षा मुलाला कितीतरी अधिक देईल.