ग्रानादाला जाताना

स्पेनमधील ग्रानादाला जाल तर अलहम्ब्राचे तिकीट आधीच काढा. तिकीट नावाचे असते, पासपोर्ट सोबत हवाच. आतल्या नसरी महालांत शिरण्याची वेळ ठरलेली असते; ती चुकली की प्रवेश नाही. भिंतीभिंतीवर ‘वला गालिब इल्लल्लाह’, अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही, असे कोरले आहे. आमच्या मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात नाद सोडला. ही सल्तनत 1492 मध्ये संपली.

नमाजसाठी समोरच्या अल्बाइसीन टेकडीवर जा. चढ दमवणारा आहे, वडीलधाऱ्यांना छोट्या बसने न्या. तिथली नवी मस्जिद 2003 मध्ये सुरू झाली. अस्रची जमात आम्हाला मिळाली. नंतर तिच्या बागेतून समोर दिसणारा अलहम्ब्रा आम्ही बराच वेळ पाहत बसलो.

खाताना मात्र विचारून घ्या. पेयासोबत फुकट येणाऱ्या ‘तापास’मध्ये पुष्कळदा डुकराचे मांस असते.