विद्येचा तिसरा पाद

विद्येचे चार पाद मानावेत, अशी आपल्या शास्त्रीमंडळींची जुनी समजूत आहे. एक पाद आचार्याकडून, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांकडून व उरलेला कालगतीनें प्राप्त होतो. आयुष्यभर संस्कृत शिकवितांना हा विचार मीं मुलांस किती वेळां सांगितला असेल! परंतु त्यांतील तिसरा पाद एका मुलाच्या वाट्यास येऊं लागला असतां मींच तो हिरावून घेतला, ही गोष्ट आजवर कोणास सांगितली नव्हती.

सुमारें 35 वर्षांपूर्वींची ती हकीकत. नववींत येथील आडतबाजारांतल्या एका हमालाचा मुलगा होता. कर्मणि प्रयोग त्यास कांहीं केल्या उमगेना. मीं तीन वेळां नियम सांगितला. तो मान डोलवी व पुन्हां चुके. शेवटीं वर्गांतील एका हुशार मुलास मीं त्याच्या शेजारीं बसविलें. तो म्हणाला, "अरे, 'आईनें भात केला' आणि 'आईनें भाकरी केली' असें तूं घरीं म्हणतोसच ना? आई तीच, मग क्रियापद कोणासाठीं बदललें?" मुलाचा चेहरा उजळला. रामेण पाठः पठितः, रामेण गीता पठिता, हें त्यानें आपण होऊन जुळविलें. माझा नियम बरोबरच होता. पण न समजणें कसें असतें, हें मी केव्हांच विसरलों होतों. त्या हुशार मुलास तीच ठेंच नुकती लागली होती.

पंधरवड्यानें त्याचे वडील घरीं आले. "मास्तर, माझा मुलगा शाळेंत शिकावयास येतो, शिकवावयास नव्हे." गृहस्थ प्रतिष्ठित; मी भ्यालों. दुसऱ्या दिवशीं बाकें बदललीं. दिवाळीनंतर हमालाच्या मुलानें शाळा सोडली. कारणें अनेक असतील. त्यांत मी एक होतों.

गेल्या महिन्यांत तेंच वाक्य माझ्या घरांत उच्चारलें गेलें, आणि तें माझ्या मुलानें. नात बार्शींतच महाविद्यालयांत विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षास आहे. प्रथम वर्षाच्या रसायनाच्या तासास बसून अडलेल्यांस साह्य करावें, असें प्राध्यापकांनीं तिला सुचविलें. "तिनें आपला अभ्यास करावा, ती शिकावयास जाते, शिकवावयास नव्हे," असें मुलाचें म्हणणें.

ही कल्पना नवी नाहीं. मद्रासेच्या अनाथ मुलांच्या शाळेवर 1789 पासून असलेल्या अँड्र्यू बेल यांनीं आपल्याकडील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं, आणि मुलांकडूनच मुलांस शिकविण्याची पद्धति बसविली. 1797 सालीं त्यांचें पुस्तक निघाल्यावर ती विलायतेंत पसरली. परंतु एका शिक्षकाच्या पगारांत शेंकडों मुलें उरकण्याचें साधन म्हणून तिचा उपयोग झाला, आणि हातीं घोकंपट्टी उरली. अमेरिकेंत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेंत डिअ‍ॅना मार्टिन यांनीं 1973 सालीं निराळी वाट काढली. साह्य 'ढ' विद्यार्थ्यास न जोडतां कठीण विषयास जोडावयाचें. तो विषय पूर्वीं उत्तम रीतीनें पुरा केलेला विद्यार्थी पुन्हां त्याच तासांस बसतो व मग सर्वांबरोबर अभ्यास करतो. त्यामुळें मदत घेण्यांत लाज उरत नाहीं. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांतही असें साह्य शिक्षकांच्या देखरेखीखालीं व्हावें असें म्हटलें आहे. शिक्षकाच्या जागीं नव्हे, शिक्षकाच्या डोळ्यांदेखत.

शिकविणाऱ्याचें नुकसान होतें काय? नात दोन तास जाऊन आली होती. ती म्हणाली, "आजोबा, मोल म्हणजे काय तें मला येतें असें वाटत होतें. एका मुलीनें 'असें कां?' म्हणून विचारलें आणि मीच अडखळलें. रात्रीं पुस्तक पुन्हां उघडावें लागलें."

मुलास मीं ही सारी हकीकत सांगितली. बराच वेळ गप्प राहून त्यानें विचारलें, "आणि तो मुलगा?"

तो आतां पन्नाशीस टेकला आहे. आडतबाजारांत दिसला म्हणजे पाठीवरचें पोतें उतरवून मला नमस्कार करतो. त्याचें देणें मजकडून फिटावयाचें नाहीं. निदान नातीच्या तासास आपण आडवें येऊं नये, एवढेंच मीं मुलास म्हटलें.