दाराची कडी

आमच्या शाळेच्या वाटेवर एक परमिट रूम आहे. पाटीवरचे ते दोन शब्द आत जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कधी विचार करून वाचले असतील. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, आणि ज्याला प्यायल्यावाचून राहवत नाही त्याच्यासाठी परवान्याची एक वाटही ठेवली. कायद्याचे नाव पुढे बदलले; परवाना अजून आहे आणि पाटीही आहे. सरकारला दारू नको आहे, पण कोणी पिणारच असेल तर तो कुठे बसून पितो हे मात्र त्याला ठाऊक असायला हवे आहे. या विसंगतीला मी पुष्कळ वर्षे हसत आलो. अलीकडे हसू येत नाही.

त्याला कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती कॅनडात, व्हँकूव्हरला नोकरी करते. मागे सुटीत आली तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन भेटायला आली आणि बोलता बोलता एकदम तापली.

"सर, माझ्या बसच्या वाटेवर एक जागा आहे. लोक आपापलं विष खिशातून घेऊन येतात, पगारी नर्स त्यांना नवी सुई देते आणि तिच्यासमोर बसून ते टोचून घेतात. आमच्या करातून! तुम्ही आम्हांला नागरिकशास्त्र शिकवलंत. सांगा, हे कोणत्या पुस्तकात बसतं?"

मी काहीच बोललो नाही. निघताना पायांत चप्पल सरकवत तिने विचारले, "तुमच्या शाळेशेजारी अशी खोली काढली तर चालेल का हो, सर?"

ती गेली आणि मी त्या खोलीविषयी मिळेल ते वाचून काढले. 'इन्साइट' तिचे नाव. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर, शहराच्या सर्वांत दरिद्री वस्तीत ती सप्टेंबर २००३ मध्ये उघडली. अशी कायदेशीर जागा उत्तर अमेरिकेत त्याआधी नव्हती. युरोपात मात्र स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराने १९८६ सालीच सुरुवात केली होती. इन्साइटमध्ये नर्स मादक द्रव्य देत नाही आणि कोणाला टोचतही नाही. ती सुई देते, पाणी देते आणि लक्ष ठेवते. हेरॉइनच्या जातीचे द्रव्य प्रमाणाबाहेर गेले की माणसाचा श्वास मंदावत जातो आणि थांबतो. जवळ कोणी असेल तर प्राणवायू देता येतो, नॅलोक्झोन नावाचे औषध देता येते, आणि गेलेला माणूस परत येतो. जवळ कोणी नसेल तर काही मिनिटांत सारे आटोपते.

आता राजकारण. मौज अशी की, या खोलीचा पाया घातला तो फिलिप ओवेन नावाच्या उजव्या वळणाच्या महापौराने. शहरात अतिसेवनाने माणसे मरत होती, सुयांतून एड्सचे विषाणू पसरत होते. १९९७ मध्ये आरोग्य मंडळाला आणीबाणी पुकारावी लागली. प्रतिबंध, उपचार, पोलिसी कारवाई आणि चौथी म्हणजे हानी कमी करणे, अशा चार खांबांचे धोरण ओवेन यांनी उचलून धरले. त्यांच्याच पक्षाने २००२ साली त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. निवडून आले विरोधी पक्षाचे लॅरी कॅम्बेल. हे गृहस्थ आधी अमली पदार्थविरोधी पथकात पोलीस होते आणि पुढे शहरात अकस्मात मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. आयुष्याचा निम्मा काळ त्यांनी व्यसनी माणसांना पकडण्यात घालवला आणि उरलेला त्यांची प्रेते पाहण्यात. खोली त्यांच्या कारकिर्दीत उघडली. मला वाटते, कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा या दोन नोकऱ्यांनीच त्यांचे मत बनवले असावे.

पुढे दिल्लीसारखेच ओटावातही सरकार बदलले. स्टीफन हार्पर यांच्या सरकारला ही खोली मान्य नव्हती. २००८ मध्ये त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी तिला कायद्यातून दिलेली सूट पुढे चालू ठेवायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०११ मध्ये नऊही न्यायाधीशांनी एकमताने खोलीच्या बाजूने निकाल दिला. ती जीव वाचवते आणि आसपासच्या सुरक्षिततेला तिच्यामुळे बाधा आल्याचे दिसत नाही, असे न्यायालयाला पुराव्यांवरून दिसले.

पण इथे थांबून विजयाचा शंख फुंकावा तर तेही खरे नाही. टोरोंटोत २०२३ च्या जुलैमध्ये अशाच एका केंद्राजवळ गोळीबार झाला आणि रस्त्याने जाणारी एक बाई त्यात मेली. तिला दोन मुले होती. २०२४ मध्ये ओंटारिओ प्रांताने कायदा केला की शाळेपासून २०० मीटरांच्या आत अशी केंद्रे नकोत. ज्या बापाचे मूल त्या रस्त्याने शाळेत जाते त्याला मी न्यायालयाचा निकाल कसा वाचून दाखवू? माझी विद्यार्थिनी निर्दय नाही. तिलाही रोज त्या बसमधून उतरायचे असते.

हे सारे मी तटस्थपणे वाचत होतो असे मात्र नाही.

माझी मावशी गिरणगावात, चाळीतल्या एका खोलीत राहत असे. १९८२ च्या संपात काकांची गिरणी सुटली ती सुटलीच. थोरला मावसभाऊ, आमचा दादा, त्या रिकाम्या वर्षांत गर्दला लागला. मुंबईत तेव्हा किती घरांत हे झाले त्याला गणती नाही. पुण्याला १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी 'मुक्तांगण' काढले. दादालाही एकदा व्यसन सोडवायला नेले होते, पण कुठे नेले आणि तिथे काय झाले ते आता सांगण्यात अर्थ नाही. तो परत आला आणि शेवटी सुईवर गेला.

१९९३ च्या मे महिन्यात मी तिथे राहायला होतो. आठवीत जायचा होतो. रात्री जाग आली तेव्हा मोरीवर पडदा ओढलेला होता आणि बाहेर पाटावर मावशी बसली होती. हातात काही नव्हते. थोड्या थोड्या वेळाने ती हलक्या आवाजात विचारी, "आहेस ना रे?" आतून "हं" येई. मग पुन्हा, "आहेस ना रे?" एकदा "हं" आला नाही, तेव्हा ती पडदा सारून आत गेली आणि त्याच्या तोंडावर पाणी मारून, थोबाडीत देऊन तिने त्याला उठवले. मी डोळे मिटून घेतले.

काका सकाळी ओरडले, "घरात अड्डा चालवतेस?" माझी मावसबहीण त्या वर्षी दहावीला होती. त्याच दहा बाय बाराच्या खोलीत ती अभ्यास करी, झोपे. काकांचे चुकले असे मी आजही म्हणू शकत नाही. ते म्हणत, सोय केलीस तर तो सोडील कशाला? मावशीजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. आता इतके वाचल्यावर मला ठाऊक आहे की इन्साइटच्या वरच्याच मजल्यावर २००७ पासून व्यसन उतरवण्याच्या खाटा आहेत, आणि खाली सुईला येणाऱ्याला कधीतरी वर जावेसे वाटते. मावशीला मात्र वरचा मजला नव्हता.

पावसाळ्यात एका रात्री काकांनी आतून कडी घातली आणि उघडली नाही. अकरा दिवसांनी दादा सार्वजनिक संडासात सापडला. तिथलीही कडी आतून लावलेली होती. दार फोडावे लागले.

म्हणून शेजारी खोली चालेल का, या प्रश्नाला माझे उत्तर 'चालेल' असे आहे. पण ते मी छातीठोकपणे देत नाही, आणि वर उपचाराचा मजला नसेल तर देणारही नाही. आपल्याकडे १९८५ चा कायदा सेवनालाही शिक्षा सांगतो, आणि एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून टोचणाऱ्यांना नव्या सुयाही दिल्या जातात. त्या टोचायच्या कुठे, हे मात्र कोणी बोलत नाही. आमचा शिपाई सकाळी कुंपणाच्या कडेने झाडतो तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघतात. तो त्या गोणीत भरतो. मुख्याध्यापकांना दाखवायच्या नाहीत, असे आमच्यात न बोलता ठरले आहे. शाळेपासून २०० मीटर म्हणजे किती, हे मी एकदा पावले मोजून पाहिले. कुंपण त्याच्या पुष्कळच अलीकडे आहे.

मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. ती तांदूळ निवडत होती. दादाचे नाव आम्ही काढत नाही, पण कॅनडातली ती खोली मी तिला सांगितली. सुई, नर्स, कोर्ट सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग ताटातला एक खडा बाजूला टाकत विचारले,

"तिथं दाराला आतून कडी असते का रे?"

मी म्हटले, "दारच नाही. नुसते आडोसे. नर्सला सगळं दिसतं."

"बरं," ती म्हणाली, आणि ताट उजेडाकडे सरकवून पुन्हा निवडू लागली.